विकायच्या घरातली झोप

घर बघायला आलेली माणसं पुढच्या खोलीत पाऊल टाकताच आवाज खाली आणायची. फाटकापासून हसत-बोलत आलेली, अंगणातल्या लिंबाच्या झाडाचं कौतुक करत आलेली माणसं उंबरा ओलांडला की अशी दबकून बोलायला लागायची, जणू आत कुणीतरी झोपलंय. आत कुणीच नसायचं. भिंतीला लागून एक लोखंडी पलंग असायचा, डोक्याकडची बाजू वरखाली करायला दांडा असलेला, दवाखान्यात असतो तसा. त्यावर स्वच्छ धुतलेली चादर, पायाशी घडी घातलेलं पांघरूण. कोपऱ्यात चाकांची खुर्ची. दारापासून न्हाणीघरापर्यंत भिंतीला ठोकलेला, धरून चालायचा कठडा. आणि कितीही खिडक्या उघडल्या तरी न जाणारा फिनेलचा आणि मलमाचा वास.

एकदा एका तरुण बाईने ताईला बाजूला घेऊन विचारलं, "आजारी कोण आहे? आम्ही चुकीच्या वेळी आलो का?"

"कुणी नाही. वडील होते. गेले."

"अरेरे. कधी?"

"वर्ष होऊन गेलं."

त्या बाईने पलंगाकडे पाहिलं, ताईकडे पाहिलं, आणि वरचा मजला न बघताच नवऱ्याच्या कोपराला धरून ती निघून गेली.

एजंट भला माणूस होता, पण भलेपणालाही हद्द असते. फाटक बंद करून तो परत आला आणि म्हणाला, "ताई, राग मानू नका. निदान तो पलंग तरी हलवू या."

"बघू," ताई म्हणाली. हे 'बघू' ती गेले कित्येक महिने म्हणत होती.

ताईला सगळेच ताई म्हणायचे. धाकटा भाऊ म्हणायचा म्हणून गल्ली म्हणायला लागली, गल्ली म्हणायची म्हणून एजंट. पन्नाशी उलटलेली, उंच, जरा वाकून चालणारी बाई. दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या एका लॅबमध्ये ती मेणाचं काम करायची. लोकांच्या हिरड्यांचे साचे समोर घेऊन एकेक दात मेणात बसवत जायचं, हे तिचं काम. हात इतका बसलेला की मालक अवघड जबडे तिच्यासाठी बाजूला काढून ठेवायचा. वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा तिने अर्धा दिवस काम धरलं आणि उरलेला दिवस आणि सगळी रात्र घराला दिली. वडिलांना जिना चढवेना म्हणून पलंग पुढच्या खोलीत आला. त्यांना रात्री कूस बदलून द्यावी लागायची म्हणून ताईचा अरुंद कोच पलंगाच्या पायथ्याशी आला. एक कान उघडा ठेवून झोपायची सवय तिला तेव्हा लागली, आणि वडील गेल्यावरही तो कान काही मिटला नाही.

घर विकायचं तिनेच ठरवलं होतं. एवढा जिना, एवढं छप्पर, एवढं अंगण एकटीने कुठवर झाडायचं? लॅबच्या मागच्या रस्त्याला तिने दोन खोल्यांची एक जागा पाहून ठेवली होती. भावाची हरकत नव्हती. सगळं ठरलं होतं, फक्त घर विकलं जात नव्हतं.

भावाचं नाव बारक्या. लहानपणी तो काडीसारखा होता. आता त्याच्या कमरेचा पट्टा पोटाखाली शोधावा लागायचा, पण नाव काही वाढलं नाही. तो दुसऱ्या गावी राहायचा आणि दर आठवड्याला फोन करायचा. एजंटने त्याच्याकडे तक्रार केली असावी, कारण एका रविवारी तो म्हणाला, "उद्या सकाळी एक बाई येतील. त्यांना घर दाखव."

"घ्यायला?"

"नाही ग. त्या घर सजवतात. विकायच्या आधी आपलं सामान आणून घर मांडून देतात. घर विकलं की सामान घेऊन जातात."

"घर काय नवरी आहे नटवायला?"

"नवरी कुठली, ताई? सध्या ते पेशंट आहे."

बारक्याच्या लक्षात आलं की आपण जरा जास्तच बोललो. पण बोललेलं परत कसं घ्यायचं? "येऊ दे की बाईंना," तो मऊ आवाजात म्हणाला. "नाही पटलं तर चहा पाजून परत पाठव."

सजावटवाल्या बाई ठेंगण्या, गोल आणि भलत्याच चपळ होत्या. गळ्यात मोजायची पट्टी, हातात भला मोठा किल्ल्यांचा जुडगा, आणि प्रत्येक पावलाला करकरणारे बूट. पूर्वी त्या कपड्यांच्या दुकानांच्या काचेमागे पुतळे सजवायच्या. "पुतळे बरे," असं त्यांनी दारातच सांगून टाकलं. "ते वाद घालत नाहीत."

"मी पण नाही घालत," ताई म्हणाली.

"ते कळेलच." बाई आत आल्या आणि सरळ बसल्या. आधी खुर्चीवर, मग कोचावर, मग जिन्याच्या पायरीवर, मग स्वयंपाकघरातल्या स्टुलावर. घरात जिथे जिथे माणूस टेकू शकेल तिथे तिथे त्या टेकल्या आणि समोर काय दिसतं ते बघत राहिल्या. पलंगावर मात्र बसल्या नाहीत. ताईला ते कुठेतरी बरं वाटलं.

"तुम्ही झोपता कुठे?" त्यांनी विचारलं.

ताईने कोच दाखवला.

"अजून?"

"सवय झालीय."

"आणि तुमची खोली?"

ताईची खोली वर होती, मागच्या बाजूला. दार पूर्ण उघडत नव्हतं. आत डायपरचे उरलेले खोके, रबरी चादरी, जुने वॉकर, औषधांच्या रिकाम्या बाटल्या आणि त्या सगळ्यामागे कुठेतरी एक खिडकी. बाई दाराच्या फटीतून आत डोकावल्या आणि मान वाकडी करून त्यांनी ती खिडकी शोधली. मग म्हणाल्या, "उजेड छान आहे."

चहा घेताना ताईने मनातलं सांगितलं. "बाई, हे मला फसवल्यासारखं वाटतं. आहे ते घर दाखवावं. तुमचं सामान बघून कुणी घर घेतलं आणि सामान निघून गेलं, की त्यांना काय वाटेल?"

"तुम्ही काम काय करता?"

"कवळ्या बनवते."

बाईंनी कप खाली ठेवला आणि त्या इतक्या मनापासून हसल्या की ताईलाही हसू आलं. "म्हणजे आपण एकाच धंद्यातल्या," बाई म्हणाल्या. मग जरा थांबून त्यांनी नीट उत्तर दिलं. "छप्पर गळत असेल तर मी ते झाकत नाही, ते एजंटला सांगायला लावते. भिंतीला ओल असेल तर तिच्यापुढे कपाट ठेवत नाही. पण ताई, लोक काही विटा बघायला येत नाहीत. आपण इथे कसे राहू ते बघायला येतात. आणि तुमच्या पुढच्या खोलीत आलं की त्यांना आपण आजारी पडलेले दिसतो."

ताईने खिडकीबाहेर बघितलं. वडील गेले त्या पहाटे तिच्या मनात पहिल्यांदा काय आलं होतं ते तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. रडू नंतर आलं. आधी आलं होतं ते हायसं वाटणं. खांद्यावरची गोणी कुणी उतरवून घ्यावी तसं. त्या गोष्टीची तिला इतकी लाज वाटली, की पलंग हलवायची वेळ आली की तिचे हात आपोआप चादरीची घडी नीट करायला लागायचे. घाई झाली होती का तुला, असं कुणी म्हणू नये म्हणून पलंग तिथेच राहिला. म्हणणारं कुणी नव्हतं, पण तरी.

"पलंगाचं काय कराल?" तिने विचारलं.

"वृद्धाश्रमाला हवा असतो. उद्या माणसं येतील."

दुसऱ्या दिवशी दोन दणकट माणसं आली आणि पलंगाशी झोंबायला लागली. दांडा फिरेना, पाय दुमडेनात. एकाने हातोडी मागितली. ताई लॅबला निघाली होती, ती पिशवी खाली ठेवून परत आली. "डावा पाय आधी आत ढकलायचा, मग दांडा वर," ती म्हणाली, आणि तिने स्वतःच तो ढकलला. पलंग मुकाट्याने मिटला. माणसांनी तो आडवा करून दारातून काढला, टेम्पोत चढवला. ताई फाटकापाशी उभी राहिली. टेम्पो वळला तेव्हा आपल्याला खूप काहीतरी वाटेल असं तिला वाटलं होतं. प्रत्यक्षात तिला एवढंच वाटलं की बसची वेळ झाली.

खोलीच्या लाकडी जमिनीवर पलंगाच्या पायांचे चार खोल वण राहिले. बाई म्हणाल्या, "यावर गालिचा येईल." ताईने त्यांच्याकडे रोखून पाहिलं. "बरं," बाई म्हणाल्या, "कुणी विचारलं तर उचलून दाखवा. मी नाही म्हणणार नाही."

मग घरात रंगारी आले. कठडा निघाला, त्याची भोकं बुजली. खोके निघाले, खिडक्या धुतल्या गेल्या. सगळंच काही सरळ झालं नाही. स्वयंपाकघरासाठी बाईंनी मोठ्या झोकात एक पिवळा रंग निवडला होता. तो भिंतीवर लागल्यावर खोकल्याच्या औषधासारखा दिसायला लागला. ताई मूग गिळून गप्प होती. रंगाऱ्याने मात्र तोंड उघडलं, "बाई, इथे जेवण जाईल का कुणाला?" बाईंनी डोकं तिरपं करून पाहिलं, एक सुस्कारा सोडला आणि म्हणाल्या, "नाही जाणार. पुसा." पुन्हा साधा पांढरा लागला.

सामान मांडलं त्या दिवशी ताई संध्याकाळी लॅबमधून आली, दार उघडलं आणि दारातच थबकली. पुढच्या खोलीत दोन आरामखुर्च्या होत्या, मध्ये बुटकं टेबल, खिडकीपाशी उंच दिवा, खाली विटकरी रंगाचा गालिचा. बाई उशा ठोकून सरळ करत होत्या.

"कसं वाटतंय?"

"चांगलं आहे," ताई म्हणाली. मग तिला राहवलं नाही. "फार सरळ आहे. कवळीत सगळे दात एका रेषेत बसवले ना, की लांबूनच कळतं खोटे आहेत म्हणून. आम्ही एखादा दात जरासा कलता ठेवतो."

बाईंनी उशीकडे पाहिलं, एका बाजूने तिला गुद्दा मारला. एक खुर्ची जराशी खिडकीकडे फिरवली. मग दोघीही मागे सरकून बघत उभ्या राहिल्या.

खुर्ची फिरली आणि ताईला एकदम वडील दिसले. आजारी नव्हे. बाह्या दुमडलेले, याच खिडकीपाशी उजेडाला पाठ करून बसलेले, गल्लीतल्या कुणाचातरी बिघडलेला रेडिओ मांडीवर उघडून त्यात फुंकर घालणारे. ते असे बसायचे. खूप वर्षं असेच बसायचे, तो पलंग यायच्या कितीतरी आधीपासून. हे ती विसरली नव्हती, पण तिला दिसतही नव्हतं. वडील म्हटलं की पलंग आणि पलंगावरचा वाकडा झालेला ओठ, एवढंच डोळ्यांपुढे यायचं. आता पलंग नव्हता, तर वडील होते. ती पटकन स्वयंपाकघरात गेली आणि उगाचच नळ सोडून उभी राहिली. बाई मागोमाग आल्या नाहीत. पुतळ्यांची सवय असूनही त्यांना माणसांचं बरंच कळत होतं.

घर विकलं जाईपर्यंत ताईने तिथेच राहायचं होतं, पण पाहुण्यासारखं. तिच्यासाठी मागच्या कोठीत एक घडीची खाट टाकली होती. वरच्या, तिच्याच जुन्या खोलीत बाईंनी मोठा पलंग मांडला होता. जाड गादी, पांढऱ्या चादरी, पायाशी निळी लोकरी शाल. "हा फक्त बघायला हं," बाईंनी बजावलं होतं. "या चादरीला इस्त्री करताना माझ्या माणसाचा जीव जातो."

आता माणसं येऊन मोठ्याने बोलायला लागली. कोण कुठे बसेल, पुस्तकं कुठे राहतील, यावर नवरा-बायकोंची दारातच जुंपायची. एजंट खूश होता. "वाद घालतात म्हणजे मनाने राहायला आले," असं त्याचं शास्त्र होतं. तरी सौदा काही जुळेना. एकांना स्वयंपाकघर लहान वाटलं, एकांना जिना उभा वाटला.

अशात एका संध्याकाळी ताई कामावरून आली. लॅबमध्ये दिवसभर एका आजोबांच्या अवघड जबड्याशी झटापट झाली होती. बाहीवर प्लास्टर तसंच होतं. वरची खिडकी लावायला म्हणून ती जिना चढली. खोलीत उन्हं तिरपी आली होती. चादरीला एक चुणी पडली होती, सकाळी आलेल्या कुणीतरी हात फिरवला असावा. ती नीट करायला ताई वाकली. मग बसली. मग म्हटलं, जरा पाठ टेकू. चुणी नाहीतरी पडलेलीच आहे.

पुढचं तिला काही आठवत नाही.

जाग आली तेव्हा खोली उजेडाने भरली होती आणि खिडकीपाशी एक अनोळखी माणूस काचेला कान लावून उभा होता. दारात एक बाई होती. तिच्यामागे एजंट, चेहरा चुन्यासारखा पांढरा.

ताई ताडकन उठून बसली. सवयीने पहिला विचार आला, बाबांनी हाक मारली आणि मला ऐकू आली नाही. मग हळूहळू उमगलं की हाक मारणारं कुणी नाही. आणि मग बाकीचं सगळं एकदम उमगलं: विस्कटलेले केस, प्लास्टरची बाही, पांढऱ्या चादरीत कालच्या कपड्यांनिशी लोळणारी घरमालकीण.

"मी तीनदा फोन केला हो," एजंट पुटपुटला.

फोन खाली पिशवीत होता.

"उठू नका, उठू नका," खिडकीजवळचा माणूस म्हणाला. तो मोठ्या गंभीरपणे बोलत होता. "ही खोली रस्त्याच्या बाजूला नाही ना?"

"नाही. मागच्या बाजूला."

"आणि तुम्ही कधीपासून झोपला आहात?"

"काल संध्याकाळपासून," ताई म्हणाली. ते ऐकून तिला स्वतःलाच खरं वाटेना.

त्या माणसाने बायकोकडे पाहिलं. बायको म्हणाली, "आम्ही जिन्यावर पाय आपटत आलो. यांनी खिडकी उघडली, धाडकन लावली, पुन्हा उघडली. तुम्ही कूससुद्धा बदलली नाहीत. मी तर घाबरले, म्हटलं श्वास बघा आधी."

"मी बेकरीत भट्टीवर असतो," माणूस म्हणाला. "रात्रभर काम, दिवसा झोप. ही बस चालवते, तिची पाळी सकाळची. आत्ताच्या घरात माझ्या डोळ्याला डोळा लागत नाही. इतकी घरं पाहिली. सगळे एजंट सांगतात, शांत आहे, शांत आहे. झोपलेलं माणूस आजवर कुणी दाखवलं नव्हतं."

एजंटचा जीव भांड्यात पडला. त्याच्या चेहऱ्यावर तर असा भाव आला, की ताईला तिथे झोपवण्याची युक्ती जणू त्याचीच.

पण ताईला ते रुचेना. ती पलंगावरून उतरली, केस मागे सारले आणि म्हणाली, "हे बघा, मला खोटं बोलता येणार नाही. ही झोप खोलीची की माझी, ते मला सांगता येणार नाही. मी कित्येक वर्षं धड झोपलेले नाही. रस्त्यावरसुद्धा झोपले असते कदाचित." मग ती त्यांना खाली घेऊन गेली आणि तिने पुढच्या खोलीतला गालिचा उचलला. "इथे माझे वडील आजारी होते. त्यांच्या पलंगाचे हे वण. भिंतीला कठडा होता, त्याची भोकं बुजवलीत. हे सगळं सामान भाड्याचं आहे, ते जाणार. तेवढं सोडून घर जसं दिसतं तसं आहे."

एजंटने डोळे मिटून घेतले.

भट्टीवाला उकिडवा बसला, त्याने एका वणात अंगठा फिरवून पाहिला. "लाकूड चांगलं आहे," तो म्हणाला. "तासून घेता येईल."

"किंवा राहू दे," त्याची बायको म्हणाली. "माझ्या आईलाही आणायचंय आपल्याला कधीतरी. तिला जिना चढवणार नाही."

ते निघाले, फाटकापर्यंत गेले, आणि भट्टीवाला एकटाच परत आला. जरा अवघडून म्हणाला, "ताई, एक विचारू? चमत्कारिक वाटेल. मी एक दिवस इथे झोपून बघू का? कामावरून थेट येतो. पलंगावर नको, खाली सतरंजी टाकून झोपेन."

ताईने सजावटवाल्या बाईंना फोन करून सगळं सांगितलं. "तुम्ही झोपलात," त्या म्हणाल्या. "आता ते झोपणार. मी सामान बघायला दिलं होतं, ताई." पण मग त्याच म्हणाल्या, "सतरंजी कशाला? गादीवर झोपू द्या. चादर मी बदलून देते. नाहीतरी तुम्ही तिची वाट लावलीच आहे."

ठरल्या दिवशी भट्टीवाला सकाळी आला. भुवयांवर पीठ, डोळे तारवटलेले, काखेत स्वतःची उशी. वर गेला, दार लावलं. ताईने लॅबमधून सुट्टी घेतली होती. एजंटही आला होता आणि मोजे घालून मांजरासारखा वावरत होता. शेजारच्या अंगणात कुत्रा भुंकला तेव्हा तो उठून कुंपणाकडे धावला. ताईने त्याला हाताला धरून बसवलं. "भुंकू दे. तो उद्याही भुंकणार आहे." पुढे शेजाऱ्यांकडे कुणीतरी भिंतीत खिळे ठोकायला काढले. एजंट डोकं धरून बसला. ताई छताकडे बघत राहिली. आपलं घर विकलं जावं असं तिला वाटत होतं, पण त्याहून जास्त असं वाटत होतं की त्या बिचाऱ्याला झोप लागावी.

दुपारी त्याची बायको बस डेपोत लावून आली. दोघी स्वयंपाकघरात चहा पीत बसल्या. बोलता बोलता दोघीही एकदम थांबल्या. वरून लाकूड कापावं तसा आवाज येत होता. एका लयीत, न थांबता.

"घोरतोय," बायको म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "वर्षभर घोरला नव्हता."

भट्टीवाला संध्याकाळी खाली आला तो गालावर उशीची खूण घेऊन, लहान मुलासारखा भांबावलेला. "किती वाजले?" त्याने विचारलं. मग उत्तराची वाट न बघता म्हणाला, "घेऊ या." बायको म्हणाली, "मी कधीच ठरवलंय. तू उठायची वाट बघत होते."

सौदा झाला आणि श्रेय घ्यायला सगळे पुढे सरसावले. एजंट म्हणाला, योग्य गिऱ्हाईक योग्य दारी आणणं हीच खरी कला. बाई म्हणाल्या, खोके भरलेल्या खोलीत कोण झोपलं असतं? आणि यात खोट काढायला जागा नव्हती. बारक्या म्हणाला, बाईंना पाठवलं कुणी? ताई म्हणाली, मी तर नुसती झोपले.

सामान घेऊन जायला बाईंचा टेम्पो आला त्या दिवशी बारक्याही मदतीला आला. खोल्या रिकाम्या झाल्या, पण पूर्वीसारख्या नाही. स्वच्छ आणि मोकळ्या. बहीण-भाऊ पुढच्या खोलीत भिंतीला टेकून जमिनीवर बसले. बारक्याला बसायला वेळ लागला.

"ताई," तो म्हणाला, "एक सांगू? बाबा गेले तेव्हा तुझा फोन आला ना पहाटे. मला पहिल्यांदा काय वाटलं माहितीय? आता ताईला झोपता येईल."

ताईने त्याच्याकडे वळून पाहिलं.

"बाबांचं दुःख नव्हतं असं नाही," तो घाईने म्हणाला. "पण आधी तेच आलं मनात."

"मग तेव्हा बोलला का नाहीस?"

"तू ओरडली असतीस."

"ओरडले असते," ताईने कबूल केलं. तिला कळलं, की त्या पहाटे हायसं वाटलं होतं त्याची तिला आता लाज वाटत नाहीय. वडिलांनाही हेच वाटत असणार. त्यांचं बोलणं गेलं होतं, तरी रात्री ती उठली की ते चांगल्या हाताने तिला कोचाकडे खूण करायचे, जा, झोप, जा. ती खूण ती विसरली नव्हती. पण आपल्याला परवानगी देणारी खूण म्हणून तिने ती आज पहिल्यांदा पाहिली.

नव्या जागेत राहायला गेल्यावर थोड्याच दिवसांत बारक्या बायकोला घेऊन आला आणि ताईसाठी जेवणाचं टेबल आणलं. माप घ्यायचं असतं हे त्याच्या गावीही नव्हतं. टेबल जिन्यावरून दुसऱ्या मजल्यापर्यंत कसंबसं चढलं आणि दारात अडकलं. उभं करून पाहिलं, आडवं करून पाहिलं, पाय काढायचा प्रयत्न केला. बारक्या घामाघूम झाला. "यांनी आपल्या अंगाचं माप धरलं असणार," भावजय म्हणाली. शेवटी ताईने टेबल जिन्याच्या मोकळ्या चौकात सरळ ठेवलं, आतून चहाची किटली आणि पाव-लोणी आणलं, आणि तिघं तिथेच मांडामांड करून बसली.

वरच्या मजल्यावरचे एक गृहस्थ भाजीची पिशवी घेऊन जिना चढत आले. त्यांना पुढे जायला वाट नव्हती.

"माफ करा," ताई म्हणाली. "टेबल आत जात नाहीय."

"दिसतंय," ते म्हणाले. त्यांनी पिशवी पायरीवर ठेवली. "चहा आहे का अजून?"

ताई आणखी एक कप आणायला आत गेली.